रोजची पाठवणी

परंदवडी,
कार्तिक, भात झोडणीचे दिवस

प्रिय प्रदीप,

बघा, घेतलं नाव! लग्नात उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर आजच. इतकी वर्षं 'अहो'वर भागलं. आता तिकडं आश्रमात तुमचं नाव बदललंय म्हणे, मग हे जुनं मोकळंच पडलंय, मी वापरते. 'तुम्ही' मात्र सुटत नाही, तेवढं चालवून घ्या.

अतुलभाऊ परवा येऊन गेले. तुमचे चुलतभाऊ, याच ओसरीवर लहानाचे मोठे झालेले, पण परक्यासारखे अवघडून बसले होते. चहा गार झाला तरी निरोप तोंडातून निघेना. शेवटी म्हणाले, "वहिनी, दादा माघात संन्यास घेतोय. कायमचा. गुरुजी म्हणतात, आईची आणि बायकोची संमती आणा, त्याशिवाय दीक्षा नाही." मी फाडकन बोलले, की नऊ वर्षांपूर्वी पिशवी उचलून निघाले तेव्हा कुणाची संमती घेतली होती? निरोप्यावर राग काढून काय उपयोग! हो की नाही ते मीच कळवते, असं मी त्यांना सांगितलं. उत्तर या पत्रातच आहे, पण शेवटी. आधी घरचं ऐका. नऊ वर्षांत एवढं तरी ऐकायला हरकत नसावी.

यंदा इंद्रायणी भात झकास आलाय. झोडणी चाललीये, अंगणभर वास सुटलाय. आंबीला गुलाबांच्या पॅकिंगला जात होते ते काम मी सोडलं, कारण आईंना एकटं ठेवता येत नाही. आई विसरतात. आधी मीठ विसरायच्या, मग गॅस, मग शेजारपाजार. डॉक्टर म्हणाले, हा वयाचा आजार आहे, आता माघारी फिरणार नाही, सांभाळा. मग एक दिवस सांजच्याला माझ्याकडं टक लावून बघत म्हणाल्या, "कुणाची गं तू? कवा आलीस?" म्हटलं, मी सारिका. "व्हय का! मग दिवस बुडायच्या आत सासरी जा, बाय. सासू वाट बगत आसंल." उठल्या, डब्यातले तांदूळ घेऊन माझी ओटी भरली, कुंकू लावलं, पाठीवरून हात फिरवला आणि घळाघळा रडल्या. दारापर्यंत सोडायला आल्या. आता मी जाऊ कुठं? माझं सासर हेच की हो! मग परसातून गोठ्याला वळसा घातला, मागच्या दारानं आत आले, तांदूळ डब्यात परत टाकले आणि कुकर लावला. आईंनी आतून विचारलं, "ती पोरगी गेली का गं नीट?" म्हटलं, गेली.

तेव्हापासून हे रोज चाललंय. नारळाच्या जागी कधी बटाटा असतो, एकदा टीव्हीचा रिमोट होता. तो ओटीत घेऊन मी गोठ्यामागं हसत उभी राहिले, म्हैस माझ्याकडं बघत राहिली.

तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? तुम्हाला कसं कळणार! तुम्ही गेल्यावर या घरात माझी ओटी कुणी भरली नव्हती. संक्रांतीला बायका यायच्या, हळदीकुंकवाचं ताट माझ्यापाशी येऊन अडायचं. नवरा आहे म्हणावं तर दिसत नाही, नाही म्हणावं तर कुठंतरी डोळे मिटून बसलाय. आणि सगळ्यांत आधी ताट फिरवायच्या त्या आईच. पांढऱ्या पायाची, हिच्यामुळंच पोरगं गेलं, असं सगळ्या आळीला सांगत होत्या. मीही काही कमी नव्हते. त्यांचं सगळं करायचे, पण भाकरी ताटात आदळून. दोघी एका छपराखाली राहायचो, झालं. आता त्यांना पांढरा पायही आठवत नाही आणि पोरगं गेलेलंही आठवत नाही. आठवतं एवढंच, की लेक निघाली तर तिला मोकळ्या पदरानं धाडायचं नसतं.

बेगडेवाडीच्या शालनताई माझ्याबरोबर पॅकिंगला होत्या, तुम्ही त्यांना ओळखत नाही. सुट्टी असली की येऊन आईंजवळ बसतात, तेवढ्यात माझं रानातलं काम उरकतं. बौद्ध घरातल्या आहेत. पूर्वी कधी आल्या तर आई त्यांना चहा वेगळ्या कपात द्यायच्या. तो कप फळीवर पालथा असायचा, मला लाज वाटायची आणि त्यांना कळायचं. गेल्या महिन्यात आईंनी त्यांनाही धरून बसवलं आणि ओटी भरायला घेतली. मी धावले, म्हटलं, ताई, राग मानू नका, त्यांना समजत नाही. शालनताईंनी पदर पसरला. म्हणाल्या, "आमी ह्ये सगळं सोडलंय, सारिका, आन् परत धरायचं न्हाई. पन म्हातारी लेक म्हनतीय, तिला न्हाई कसं म्हनू?" त्यासुद्धा माझ्यामागून गोठ्याला वळसा घालून आत आल्या. मग आम्ही चहा प्यायलो. त्या कपात मी आता मिरचीचं रोप लावलंय.

लोणावळ्याचं ते शिबिर आठवतं? तुमच्या हट्टानं मी आले होते. बाहेर धुकं, आत मंडपात पांढऱ्या गाद्या. तुमचे गुरुजी निरपेक्ष प्रेमावर बोलत होते. तुमच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि मी मनात म्हणत होते, संध्याकाळी म्हैस कोण पिळणार? परतीच्या गाडीत तुम्ही म्हणालात, सारिका, तुझं मन संसारात फार अडकलंय. मला फार लागलं होतं ते. घरी येऊन मी चोरून ध्यानाला बसले, जपाची माळ आणली, शेजारणीबरोबर सत्संगाला गेले. सगळीकडं पायरी होती, ही चढलीस की पुढची. माझी तर पहिलीच पायरी कधी संपली नाही. गुडघे तेवढे दुखायला लागले.

आणि मग आताच्या पितृपक्षातली एक संध्याकाळ. दिवसभर आईंनी छळ मांडला होता, अंगावर पाणी ओतलं, मला चोर म्हणाल्या. मी ओरडले. दिवस कलला आणि त्याच हातांनी त्यांनी माझी ओटी भरली, "जप गं बाय सोताला" म्हणाल्या, रडल्या. मी गोठ्यामागं आले आणि पाय पुढं टाकता येईना. मनात आलं, हिला माझं नाव माहीत नाही. मी हिचं केलेलं माहीत नाही, मी ओरडले ते माहीत नाही. माझ्याकडून हिला काही मिळायचं नाही आणि तरी ही माझ्यासाठी रडते. मग ही माया येते कुठून? आणि खरं सांगू, त्या क्षणी माझ्याही मनात काही उरलं नव्हतं. ना टाकलेली बायको, ना बिनपगारी सून, ना तुमच्यावरचा राग. आतून सगळं भरून आलं होतं आणि कुणाकडून काही नको होतं. म्हैस, उकिरडा, पलीकडच्या कारखान्याचे दिवे, सगळं मला माझंच वाटत होतं. किती वेळ उभी होते ठाऊक नाही. तुमच्याकडं याला काहीतरी मोठा शब्द असेल. मला शब्द नको. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यांचं लुगडं धुतलं, पुन्हा वैतागले, पण ते जे भरून आलं होतं ते अजून ओसरलेलं नाही.

आता उत्तर. आईंना मी समोर बसवून विचारलं, प्रदीप कायमचा जायचं म्हणतोय, जाऊ दे का? "कंचा प्रदीप?" म्हणाल्या. म्हटलं, तुमचा लेक. ओसरीवरच्या भाताची लोंबी हातात चोळत म्हणाल्या, "जायचंय तर जाऊ दे की! लेकराला बांधून ठिवत्यात व्हय? हातावर दही दे त्येच्या, उपाशी धाडू नगं." ही झाली त्यांची संमती. माझीही आहे. मनापासून आहे, रुसून नाही. सही लागत असेल तर हे पत्रच दाखवा. एक शब्द फोनवर सांगता आला असता, पण तेवढ्यानं तुम्ही सुटला नसता आणि मीही नाही. एवढं लिहिलं ते यासाठी, की तुम्हाला कळावं, घरात तुमच्या नावानं कुणी कुढत बसलेलं नाही. जे शोधायला तुम्ही गेलात ते तुम्हाला तिकडं मिळो. मला ते इथंच मिळालं, म्हणून तुम्हाला अडवायचं काही कारणच उरलं नाही. आणि दीक्षेआधी कधी वाटलं, तर या. ही अट नाही बरं का, नाही आलात तरी संमती पक्की. आलात तर आई ओळखणार नाहीत, कुठल्या गावचा रे बाबा म्हणून विचारतील. मी तुमचा प्रदीप, असं समजावत बसू नका. नुसता हात पुढं करा, त्या दही ठेवतील. विरजण मी रोज लावतेच, ते काही तुमच्यासाठी नाही.

अजूनही तुमचीच, पण आता वाट न बघणारी,
सारिका