सोडलेल्या जागेचा पत्ता

सोमवार, ४ नोव्हेंबर २०१९. पिट्सबर्ग

सभेत जिच्या तोंडून शब्द फुटत नाही, त्या मुलीने इथे पानेच्या पाने भरावीत, हा उद्धटपणाच. कोऱ्या पानाने क्षमा करावी. पण आज राहवत नाही.

यंत्रहाताने ओटिसचा जबडा फोडला. चाचणीच्या जाळीआड, माझ्यादेखत! ओटिस आमचा तंत्रज्ञ. थांबलेल्या हाताजवळ सुटलेली वायर खोचत होता. पोलादी मनगट गर्रकन वळले आणि — तो आवाज! लादीवर रक्त. रक्तात दात.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

कारण सापडले. हाताने कुठे थांबायचे, तो आकडा एका व्हेरिएबलमध्ये, म्हणजे संगणकाच्या स्मृतीतल्या एका जागेत होता. काम संपल्यावर प्रोग्रॅमने ती जागा सोडून दिली; तिथे दुसराच आकडा येऊन बसला. आकडा कुठे आहे ते दाखवणारा पॉइंटर मात्र जुनाच पत्ता धरून राहिला. हाताने त्या पत्त्यावरचा परका आकडा वाचला आणि तिकडे झेप घेतली. तिथे ओटिसचे तोंड होते.

ही प्रोग्रॅमिंगची भाषा आम्हीच घडवतो. असा पॉइंटर आढळला, तर प्रोग्रॅम तयारच होऊ द्यायचा नाही — एवढा नियम तिच्यात घालता येतो. मी तो घालून पाहिला आहे. कुणाला सांगितले नाही.

बुधवार, ६ नोव्हेंबर

आमचे प्रमुख ग्रेडी. भाषा मूळ त्यांची. त्यांचा प्रस्ताव आला: पॉइंटरवर कसलेही बंधन नको, जुने प्रोग्रॅम अडतात.

"आणि ओटिसचा जबडा?" माझ्या शेजारी बसणारी सहकारी कॉनी म्हणाली.

"अगं, सुरीला धार असणारच. बोटं ज्याची त्यानं सांभाळावीत! नाहीतर घे की लेखी हरकत."

कॉनीने मान खाली घातली. तिचा नवरा नोकरी जाऊन घरी बसून आहे.

आमच्याकडे मतदान नसते. शुक्रवारी चारपर्यंत एकही लेखी हरकत आली नाही, तर प्रस्ताव मंजूर. एक आली, तरी तो पडतो.

"शर्वाणीची काळजीच नाही," ग्रेडी माझ्याकडे बघून हसले, "तिची हरकत म्हणजे काय असतं, ते तिलाही ठाऊक नसेल!"

सगळे हसले. मीही! माझ्या व्हिसाच्या कागदांवर सही त्यांचीच असते.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

ओटिस आला. जबडा तारांनी जखडलेला. त्याने मोठा पाना उचलला आणि यंत्रहातावर तुटून पडला. कोपर, मनगट, बोटे — एकेक सांधा ठेचला! काळे तेल भिंतीवर उडाले. दोन रखवालदारांनी त्याला लादीवर दाबले, गुडघा पाठीत. तारांमधून रक्ताळलेली लाळ गळत होती.

"उपकार मान, पोलीस बोलावत नाही!" ग्रेडी ओरडले. मग आमच्याकडे वळून, अगदी शांतपणे — "सोमवारी नवा हात येतोय. प्रोग्रॅम तोच चढवा."

तोच!

शुक्रवार

"प्रस्तावास माझी हरकत आहे. पर्यायी नियम सोबत जोडला आहे." खाली संपूर्ण नाव.

पाठवले: ८ नोव्हेंबर २०१९, दुपारी ३ वाजून ५२ मिनिटे.