प्लेटचं बोंड आणि माझी दहा बोटं

३ जानेवारी १९८८, जळगाव
आज आमच्या इन्स्टिट्यूटच्या खालच्या व्यायामशाळेत तोताराम भेटला. माझाच विद्यार्थी. टायपिंग माझ्याकडे शिकला आणि रस्त्याच्या पलीकडे, बरोबर माझ्यासमोर, स्वतःची इन्स्टिट्यूट काढून बसला. गुरुदक्षिणा हीच असावी.
तिथे इंग्रजांच्या काळातल्या लोखंडी प्लेटा आहेत. भुसावळला रेल्वेवाल्यांच्या क्लबात होत्या म्हणे. मधल्या भोकाभोवती जाड उंचवटा. व्यायामशाळेचे धनसिंग पहिलवान त्याला बोंड म्हणतात. दांडा न घालता, एका हाताच्या बोटांनी नुसतं ते बोंड धरून प्लेट उचलायची. तोतारामनं पस्तीस पौंडी उचलली. वर मला म्हणाला, सर, तुम्ही नका, आता वय झालं. मी एक्केचाळीस.
मी सर्वांसमोर सांगितलं की ज्या बोटांनी वीस वर्षं टायपिंग केलं त्यांच्यापुढे लोखंड म्हणजे कापूस. २० मार्चला व्यायामशाळेचा वर्धापनदिन आहे. त्या दिवशी पंचेचाळीस पौंडी उचलून दाखवीन.
टाळ्या पडल्या. कमी, पण मनापासून.

४ जानेवारी, पहाटे ५
उठलो. थंडी फार. थंडीत स्नायू दुखावतात. झोपलो.

९ जानेवारी
दहा पौंडी उचलली. डाव्या हाताचा नाममात्र आधार होता. धनसिंग म्हणाले, सर, डावा हात काढा. काढला. प्लेट खाली गेली. पहिलवान मंडळींना टेक्निक कळत नाही.

२१ जानेवारी
शर्टाची बटणं शकुंतलेनं लावून दिली. माझी बोटं विश्रांती घेत आहेत. ती म्हणाली, अहो, या बोटांनी शिकवणार कसं? आधी पाया पक्का करायचा, ही फाउंडेशनची कल्पना बायकोला समजावणं कठीण. तीही एकेकाळची माझीच विद्यार्थिनी. स्पीड बरा होता, माझ्यापेक्षा किंचित जास्त. लग्नानंतर मी मशीन सोडायला सांगितलं. एका घरात एक तज्ज्ञ पुरे.

२ फेब्रुवारी
मोठा प्रोग्रेस. फुलस्टॉप मारला तर कागदाला भोक पडलं. ताकद टोकापर्यंत उतरते आहे. दुपारपर्यंत दोन मशीनच्या काड्या वाकल्या. दुरुस्तीला रमजान आला. म्हणाला, सर, कोणावर राग आहे का? मी म्हणालो, ही साधना आहे. तो मान खाली घालून काड्या सरळ करू लागला. भारावला असावा.

१५ फेब्रुवारी
वर्गात नमुना म्हणून एक सरकारी पत्र टाइप करून दाखवलं. मधलं बोट वळत नव्हतं. ‘जिल्हाधिकारी’ तीन ठिकाणी तीन प्रकारे आला. मुमताजनं दाखवून दिलं. मी म्हणालो, चुका मुद्दाम केल्या, तुमचं लक्ष आहे का ते बघत होतो. मुमताजची परीक्षा जूनमध्ये आहे. पास झाली तर कोर्टात नोकरीची आशा आहे, घरात कमावणारं दुसरं कोणी नाही. जाताना म्हणाली, सर, पुढच्या महिन्यापासून मी समोर जाते, राग मानू नका.
राग कसला. जाणाऱ्याला अडवणं माझ्या स्वभावात नाही.

२९ फेब्रुवारी
हा दिवस वर्षाला जादा मिळालेला आहे. म्हणून व्यायाम बंद.

६ मार्च
आणखी मुली तोतारामकडे गेल्या. वर्गात हवा चांगली खेळते. शकुंतला म्हणाली, वीस तारखेपर्यंत वर्ग मी घेते, नाहीतर कुलूप लावावं लागेल. मी परवानगी दिली. नवशिक्यांना तिचं चालून जाईल.
वीस पौंडी गुडघ्यापर्यंत आली. गुडघा मी जरा खाली नेला होता.

२० मार्च, रात्री
फळ्यांचं स्टेज. गर्दी. शकुंतला बायकांत बसलेली. तोतारामनं पुन्हा पस्तीस पौंडी उचलली आणि नमस्कार करून बाजूला झाला. दिखाऊपणा. मग माझं नाव पुकारलं. मी बोंड धरलं, श्वास रोखला, ओढली. प्लेट नक्की हलली. धनसिंग म्हणतात, सर, प्लेट नही, फळी हालनी. हा मतभेदाचा विषय आहे. दुसऱ्या खेपेला मी प्लेट आडव्या लाकडावर ठेवायला सांगितली, म्हणजे सुरुवातच उंचावरून. कल्पना माझी. प्लेट लाकडावरून घसरली. माझा उजवा हात खाली होता.
दवाखान्यात तोतारामनं त्याच्या स्कूटरवर नेलं. वाटेत प्रत्येक खड्ड्याला स्कूटर हळू करत होता. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

२१ मार्च (डाव्या हातानं)
दोन बोटं मोडली. प्लास्टर.

१४ एप्रिल
आमचं घर इन्स्टिट्यूटला लागूनच, वर्ग भिंतीपलीकडे चालतो, आवाज ऐकू येतो. पूर्वी कडकड यायची, आता पाऊस पडल्यासारखं एकसारखं वाजतं. मुमताज परत आली. तिच्यामागून बाकीच्या. माझ्या नावाला मान आहे म्हणायचा. शकुंतलेला विचारलं, मुली माझी चौकशी करतात का? ती म्हणाली, करतात, प्लास्टर कधी निघणार विचारतात. सांगून लगेच वर्गात गेली.

८ मे
प्लास्टर निघालं. केस विंचरून वर्गात गेलो. माझ्या खुर्चीत शकुंतला. मी म्हणालो, आजपासून मी घेतो. तिनं वाद घातला नाही. मशीनवर कागद चढवला, समोर उतारा ठेवला, घड्याळ लावलं. म्हणाली, करा.
केला. मुली आपापलं टाइप करत राहिल्या. कोणी वळून बघितलं नाही, कोणी हसलं नाही. हसल्या असत्या तर चार शब्द सुनावता आले असते.
शकुंतलेनं कागद काढून लाल पेनानं तपासला. बराच वेळ तपासत होती. मग माझ्याजवळ वाकून, कोणाला ऐकू जाणार नाही असं बोलली. अहो, जूनच्या नव्या बॅचला बसा. मी विचारलं, पहिल्यापासून? ती म्हणाली, मी तेरा वर्षांनी मशीनला हात लावला, मला आलं. तुम्हालाही येईल.
सकाळी सातची वेळ दिली आहे. सातची बॅच नवशिक्यांची असते.