पाटीवरची कंपनी

३ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. दाजींचा गुडघा कसा आहे? खुर्चीवर उभं राहून वरच्या फळीवरची पुस्तकं काढणं त्यांनी सोडलं का?

पत्राचं कारण असं. पुढच्या आठवड्यात रंगारी आमच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानाची पाटी नव्याने रंगवणार आहे. पाटीवर ‘अण्णा आणि कंपनी’ आहे. त्यातला अण्णा मी आणि कंपनी म्हणजे लंबू. ‘आणि कंपनी’ खरवडून टाकावं असं मनात आहे. मात्र एकट्या माणसाला कंपनी म्हणता येत असेल तर रंग वाचेल. दाजींना इंग्रजी शब्द मुळापर्यंत खोदायची सवय आहे, त्यांना विचारून कळव.

भांडण असं नाही. माझी बायको वारली तेव्हापासून लंबू आणि मी डबे बदलून जेवतो, हे तुला ठाऊक आहे. तेव्हा मी डबा उघडून नुसता बघत बसायचो. एक दिवस त्याने माझा डबा स्वतःकडे ओढला, आपला माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाला की बायकोच्या हातचं खाऊन कंटाळा आलाय. माझ्या हाताला चव आहे हे मला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं त्याने डबा पुसून लख्ख करून परत दिला. परवा पोट बिघडलं म्हणून डॉक्टरकडे जाऊन आला आणि सांगतो काय, तर डॉक्टरांनी बाहेरचं बंद करायला सांगितलंय, आता आपापला डबा. बाहेरचं! ताई, मी बाहेरचा कधी झालो?

आता तो रस्त्याकडे तोंड करून जेवतो, मी हवेच्या पंपाकडे. बोलणं गिऱ्हाइकामार्फत. पंधरा नंबरचा पाना हवा असला की गिऱ्हाइकाला सांगतो, त्यांच्याकडून घेऊन या. काल एक जण म्हणाला की एवढं केलं तर पंक्चरही मीच काढतो.

त्यात माझा डबा मलाच खावा लागतो. भाजीपाल्याला पूर्वीची चव राहिली नाही, मीठही कसलं तरी येतं. देवापुढे हात जोडतो, पण काय मागावं ते सुचत नाही.

तुझा लोभ तरी गिऱ्हाइकामार्फत न येता थेट यावा, ही विनंती.

तुझा
धाकटा

७ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद, आणि त्यांच्यासोबत एक कानपिचकी.

तुझा प्रश्न वाचून ह्यांचा गुडघा बरा झाला. टुणकन खुर्चीवर चढले आणि जाडा कोश घेऊन उतरले. इकडे दूध उतू गेलं, त्याचा पत्ता नाही.

तर ते सांगतात ते असं. हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला, पण मूळ लॅटिनचं. ‘कॉम’ म्हणजे सोबत, ‘पानिस’ म्हणजे पाव. एका पावात वाटेकरी असलेली माणसं, ती कंपनी. आपण खातो तो पावसुद्धा त्याच पानिसच्या वंशातला, पोर्तुगीजांबरोबर समुद्रावरून आलेला. पुढे सैनिकांच्या तुकडीला कंपनी म्हणू लागले, मग व्यापाऱ्यांच्या जमावाला. व्यापारी आले आणि पाव मागे पडला, असं ह्यांचं मत. एकट्याला काही कंपनी होता येत नाही, हा निकाल.

आता माझं ऐक. तुझ्याकडे राहिले होते तेव्हा तुझी कोबीची भाजी मी देवाचं नाव घेऊन गिळली. वर मीठच मीठ, खाली करपलेलं. ह्यांनी पाण्यावर पोट भरलं. भाऊ एकटा पडलाय, त्याला काय बोलायचं, म्हणून गप्प बसलो. भाजीपाला आहे तसाच आहे रे, खाणारा बदललाय! आणि लंबूला म्हणे बायकोच्या हातचा कंटाळा आला होता. त्या माऊलीच्या हातचं मी जेवले आहे, बोटं चाटत बसावं असं. मग त्याने तुझा डबा का ओढला असेल? त्याचं पोट आता बिघडलं याचं मला नवल नाही, इतकी वर्षं टिकलं याचं आहे.

रंगाऱ्याला थांबव. माया कमी समजू नकोस, ती बोलून दाखवायची आपल्या घरात पद्धत नाही इतकंच.

तुझी
ताई

ता. क. सायकलच्या पेडलमध्ये लॅटिनमधला पाय आहे. सवडीने लिहीन. — दाजी

१२ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र दुकानातच वाचलं. कोबीपर्यंत आलो आणि डबा उघडला. कोबीच होता. या वेळी परक्यासारखा घास घेतला. जास्त लिहीत नाही. उरलेलं कुत्र्यापुढे ठेवलं, तर ते वास घेऊन समोरच्या दुकानापुढे जाऊन बसलं.

जेवणाआधी मी डोळे मिटून हात जोडतो. त्या मिटलेल्या डोळ्यांना, समोर लंबू माझी भाजी कशी गिळतोय, ते कसं दिसावं?

बेकरीतून साधा पाव आणून मधल्या स्टुलावर ठेवला. गिऱ्हाइकाला म्हटलं, त्यांना विचारा, डॉक्टरांना पाव चालतो का. लंबूने उलट विचारायला लावलं की सोबत अण्णांनी काही केलंय का. काही नाही म्हटल्यावर उठला आणि समोर येऊन बसला. बायकोच्या हातचा कंटाळा आलाय असं तेव्हा खोटं का बोललास, असं मी थेट विचारलं. तो म्हणाला की तू तेव्हा डबा न खाता तसाच घरी नेत होतास. उपाशी हातांनी चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, निघत नाही, सगळी चाकं त्याच्या गळ्यात पडली असती, म्हणून निव्वळ स्वार्थ. एवढं बोलून त्याने पावाचा मोठा तुकडा माझ्याकडे सरकवला. गिऱ्हाईक अजून उभंच होतं, त्यालाही दिला.

रंगारी आला तेव्हा लंबूने शिडी धरली. ‘आणि कंपनी’ ठळक घ्यायला मी सांगितलं, त्यात ‘अण्णा’ कोपऱ्यात गेला. ठीकच झालं.

आता त्याची बायको दोघांना मिळून एकच डबा पाठवते. रविवारी नीट कोबी करून बघावा म्हणतो. तुझी कृती पाठव. लंबूला म्हटलं की तुला मात्र देणार नाही, तुझ्या डॉक्टरांनी बाहेरचं बंद केलंय. तो चाकावरची नजर न काढता म्हणाला की बाहेरचं बंद केलंय, अण्णाचं नाही.

जरा वेळाने म्हणाला की मीठ तो घालेल.

मीठ चवीपुरतं, लोभ मात्र मूठ भरून असावा.

तुझा
धाकटा