खिशातल्या गोळ्या

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर नुसतं रडू येतं, म्हणून लिहायला बसले. माझी बुटकी जाऊन आज चाळीस दिवस झाले. लाँड्री परवा उघडली. गिऱ्हाइकं कपडे ठेवतात आणि माझ्याकडे न बघता सटकतात. नशेपायी जिची तरणीताठी मुलगी गेली, तिच्याशी काय बोलणार बिचारी!

कपडा मशीनमध्ये टाकण्याआधी खिसे उलटे करायची माझी सवय तुला ठाऊक आहे. लेकीचेही करायचे. तुझ्याकडे दोन महिने राहून ती घरी आली, आणि तिसऱ्याच दिवशी जॅकेटात पुडी सापडली, पांढऱ्या गोळ्यांची. म्हणाली, आई, ही औषधं आहेत. मी म्हटलं, पाच वर्षं तुझं सगळं औषधच असतं! तिच्या डोळ्यांदेखत संडासात टाकल्या आणि पाणी सोडलं. भांडली नाही गं. चार दिवसांनी गेली.

एवढं एकच मी नीट केलं असं वाटतं, त्यावरच दिवस ढकलतेय. पण इस्त्री फिरवताना डोकं पोखरून निघतं. तिला यातून सुटायचं होतं का गं? एका ओळीत लिही, पण खरं लिही.

माया आहेच, ती आटू देऊ नकोस.
तुझी धाकटी

९ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

विचारलंस म्हणून सांगते. नाही, तिला सुटायचं नव्हतं. इथेही तिने आम्हाला गुंडाळलंच. गोळ्या फेकल्यास ते अगदी बरोबर केलंस. आता तो विषय डोक्यातून काढ.

जेवतेस का वेळेवर? लहानपणी रुसलीस की पिठाच्या डब्यामागे बसून गूळ खायचीस, तसं चोरून तरी खा बाई. तिचे इथे राहिलेले कपडे पाठवतेय. धुवायचं जमलं नाही, म्हणजे तू नावं ठेवणारच.

जपून राहा, एवढं माझ्यासाठी कर.
तुझी ताई

१९ मार्च

ती. ताईस,
नमस्कार.

पार्सल आठवडाभर तसंच पडून होतं, काल उघडलं. निळ्या पँटच्या मागच्या खिशात व्यसनमुक्तीच्या दवाखान्याचं कार्ड निघालं. खिसे बघायची सवय तुला कधीच नव्हती. सलग छप्पन्न दिवस, रोजचा एक शिक्का. खाली लिहिलंय, पंधरा दिवसांच्या गोळ्या घरी दिल्या. नातेवाईक म्हणून सही तुझी.

मी तिथे फोन केला. नर्सबाई म्हणाल्या, गोळ्या एकदम बंद झाल्या की जीव कासावीस होतो, आणि तेव्हा पुन्हा नशा केली तर शरीराला पेलत नाही. हरवल्या म्हणून सांगितलं असतं, तर त्याच दिवशी दुसऱ्या दिल्या असत्या. पोरीला वाटलं असेल, आई विश्वास ठेवत नाही तिथे परकी माणसं काय ठेवणार.

म्हणजे माझ्याच हातून गेली ती, आणि हे मला कळू नये म्हणून तू खोटं लिहिलंस. तुझ्या जागी मीही तेच केलं असतं, म्हणून भांडत नाही. आईला सांगू नकोस अशी शपथही तिनेच घातली असणार. शंभर दिवस भरले की सांगेन म्हणाली असेल, हो ना?

पण ताई, मला वाचवायला तू तिला खोटारडी केलंस गं! तुझं पत्र आल्यापासून मी तिच्या फोटोकडे बघितलं नाही, इतकी चिडले होते. छप्पन्न दिवस माझी मुलगी झगडत होती, आणि ती मेल्यावरही मी तिच्यावर रुसून बसले.

दोष माझ्याकडे राहू दे. त्याचं काय करायचं ते मी बघेन. ते छप्पन्न दिवस मात्र मला हवेत. पहिल्या दिवशी झोप लागली का तिला, काय खाल्लं, दवाखान्यात जाताना कुरकुरायची का, कधी हसली का. एकेक दिवस लिही, काही गाळू नकोस.

वाट बघतेय.
बुटकीची आई