भाजीच्या सापळ्यातली मनुका

प्रिय कुसुम,

सासूबाईंचे गुडघे तिथे तरी निवले का? मामंजींचा दमा कसा आहे? आणि आमचे हे? पथ्य पाळतात, की तिथेही लपून पापड खातात? तुझं मात्र विचारत नाही. तू खरं सांगणारच नाहीस!

लिहायचं कारण असं. काल विरारला, मनवेलपाड्यात तुझ्या विलासकडे गेले होते. त्यांच्या बिल्डिंगमधल्या मुलांची यंदाही ती भुतांची पार्टी होती. केबलवर बघून काढलेलं खूळ! तुझी नात सोनू म्हणाली, "मोठी आजी, मागच्यासारखा भाजीचा सापळा कर ना."

मागचं आठवतं ना? फोनवर ती म्हणाली होती, "सापळा आणि डिप हवं." दिवाळी तोंडावर आलेली. मी बावळट, पितळी दीप घासून, वाती वळून पिशवीत घालून नेला! तू हसून हसून भिंतीला टेकलीस. "अहो जाऊबाई, डिप म्हणजे बुडवून खायची दह्याची चटणी!" तुला माहीत होतं, तरी आपल्या वटारच्या घरापासून विरारपर्यंत मला तो दिवा वाहू दिलास. अशी तू!

मग दोघी बसलो. काकडीच्या चकत्यांचा कणा, ढोबळी मिरचीच्या फाकांच्या बरगड्या, गाजराचे हातपाय. डोक्याच्या जागी वाटीभर चक्का, त्यात लसूण-पुदिना वाटून. काळ्या मनुकांचे डोळे. एक मनुका उरली, ती तू डाव्या बरगड्यांत ठेवलीस. म्हणालीस, "हा ह्याचा डाग."

मी म्हटलं, "भुताला कसला गं डाग? काढ ती, घाण दिसते."

विलास उठून आत गेला. मला वाटलं, तहान लागली असेल.

काल काकडी चिरताना मी ही गंमत सांगितली, तर विलासच्या डोळ्यांत पाणी. "मोठी आई, आईच्या एक्सरेत तिथेच डाग होता. आम्हाला त्या पार्टीच्या आठ दिवस आधी कळलं होतं."

आठ दिवस! म्हणजे विलासला माहीत, सुनेला माहीत, भाऊजींना माहीत. तीस वर्षं तुझ्याबरोबर एका चुलीवरचं जेवले, ती मीच तेवढी वाटेवरची?

आणि पुढच्या चार महिन्यांत मी तुला काय काय बोलले! वाडीत शेंगा तोडायला येत नाहीस, अंग चोरतेस, नव्या नवरीसारखी लोळतेस. तूही फणकारायचीस, "तुमच्यासारखी लोखंडी हाडं नाहीत माझी!" मी आणखी चिडायचे. अगं, एका शब्दाने गप्प झाले असते मी. तो एक शब्द तुला जड झाला?

विलासला विचारलं, मलाच का नाही सांगितलं? तर म्हणे, तूच बजावलं होतंस. "जाऊबाईंना कळलं तर त्या गोड बोलायला लागतील. घरात एक तरी माणूस माझ्याशी नेहमीसारखं भांडायला हवं."

वा गं वा! तुला हवं ते भांडण मिळालं. मला काय मिळालं? शेवटी दोन गोड शब्द बोलायची माझी पाळी होती, ती तू खाऊन टाकलीस. मला दुष्ट करून ठेवलंस आणि स्वतः निघून गेलीस. याला मी दगाच म्हणते, कुसुम.

तरी सापळा केला. बरगड्या वाकड्या बसल्या. सोनूने विचारलं, "मोठी आजी, रडतेस?" ताटात कांदाही नव्हता, त्याच्यावर ढकलायला! खरं सांगून टाकलं, "तुझ्या आजीवर रागावलेय." ती म्हणाली, "मग तिला सांग ना." म्हणून हे पत्र.

एक वचन देते. तुला एवढ्यात माफ करणार नाही. पण यापुढे माझ्या अंगात सुई टोचली तरी घरभर सांगत फिरेन. कंटाळतील, कंटाळू देत. मागे राहणाऱ्याला आपले शब्द असे गिळायला लागू नयेत.

उत्तर लवकर धाड. चार ओळी पुरे, शिव्या दिल्यास तरी चालेल. मी एकटीच बोलतेय गं, भांडण पुढेच सरकत नाही.

तुझी थोरली जाऊ,
शेवंती