साहेबाचा चिमटा, विनायकचा चिमटा

९ जानेवारी
सकाळी विनायक आला. सख्खा भाऊ असून पाहुण्यासारखा दारात उभा राहिला. म्हणजे काम आहे.
त्याने पऱ्हाटी, म्हणजे कापूस वेचून उरलेली झाडं, उपटायचा नवा चिमटा केलाय. पेटंट घ्यायचं आहे. नागपूरच्या वकिलांनी वर्णन मागितलं. इंग्रजीत किंवा हिंदीत चालतं, मराठीत नाही.
"ताई, तू लिहून दे. मले सांगता येते, लिहिता नाही येत."
सांगता तरी कुठे येतं? "इकडून दाबलं का तिकडून निंघते" हे वर्णन नव्हे.
हो म्हणाले. त्याला नाही म्हणणं अवघड होतं. संत्री लहान-मोठी निवडायचं त्याचं यंत्र बाहेरच्या एका कारखानदाराने जसंच्या तसं उचललं, आपलं नाव रंगवलं आणि सौसरच्या बाजारात आणलं. वर गिऱ्हाईकं विनायकलाच म्हणाली, तू त्याची नक्कल मारली काय. तेव्हापासून तो नवीन काही करत नव्हता. हा चिमटा पहिलाच.

१० जाने.
सावरगावला, त्याच्या वर्कशॉपवर. मागच्या वावरात स्वतः उपटून पाहिलं. लांब दांडा, खाली जबडा, जबड्यामागे टेकू. खोड जबड्यात धरायचं, दांडा खाली दाबायचा. जितका जोर लावू तितका जबडा घट्ट. साध्या चिमट्यात साल सोलून निघते आणि बुंधा जमिनीतच राहतो, इथे मुळासकट आलं.
त्याची बायको कुंदा भिंतीशी उभी होती. म्हणाली, "ताईनं उपटली तं आता कोनीही उपटीन."
विनायक म्हणाला, "ताई, हसू नको. तिनं पयल्या दिवशी दांडा माह्या पायावर पाडला."
नवरा-बायको बऱ्याच दिवसांनी एकमेकांसमोर मोकळेपणाने बोलताना दिसले.

१४ जाने.
संक्रांत. येणारे-जाणारे दुपारपर्यंत आटोपले.
मग जुने कागद काढले. कॉलेजात इतिहास शिकवताना जमवलेले. इंग्रजी अमलातले, शोधांवर हक्क मागणारे अर्ज. पेटंट म्हणत नसत, "खास हक्क" म्हणत. चौदा वर्षं. बदल्यात युक्ती पूर्ण उघड करून द्यायची. सरकी काढायचं यंत्र, मोटेचं चाक, उसाचा घाणा, सुताराचं लेथ. ही माणसं लिहायची छान. एक शब्द जास्त नाही. विनायकचं वर्णन ह्याच धर्तीवर करीन.

१५ जाने.
विनायकचा चिमटा सापडला.
कुठल्याशा मळ्यावरच्या साहेबाचा अर्ज. कापूस आणि एरंडाची खोडं मुळासकट काढण्याचं साधन. सोबत चित्र. दांडा, जबडा, टेकू. "जोर वाढेल तशी पकड आवळते." तीनदा वाचलं.
फरक एवढाच की साहेबाचा टेकू लाकडाचा ठोकळा आहे. विनायकचा हलणारा लोखंडी पत्रा.

१६ जाने.
कुणाला सांगितलं नाही. बाजारातून मेथी आणली, निवडली.
पेटंट तपासणाऱ्यांना हा कागद सापडेलच असं नाही. विनायकला तर स्वप्नातही माहीत नव्हता. त्याने चोरी केलेली नाही.
पण नवीन आहे असं लिहायचं तर ते मी लिहिणार. आणि मला माहीत आहे.

१७ जाने.
सांगितलं. विनायकपुढे चित्र ठेवलं.
त्याने चित्रातल्या जबड्यावर बोट ठेवलं. मग म्हणाला, "हे कोनी पाह्यलं?"
"मी."
"तुह्याशिवाय?"
"मी पाहिलं, तेवढं पुरे."
"माह्या डोक्यातून निंघालं हे, ताई. ह्या साहेबाच्या नाही."
"खरं आहे. त्याच्याही डोक्यातून निघालं. आधी."
चहा न घेता गेला. चित्र मात्र घेऊन गेला.

२० जाने.
कुंदा आली. बसली नाही.
"ताई, तुमचं सारं सरळ असते. आमचं वाकडं असते, पन आमाले त्याच्यातच राहा लागते. तो कारखानदार पुन्हा येऊन वर्कशॉप पाहून गेला. ह्यायनं चिमटा पोत्याखाली लपवला. असं किती दिवस लपवत राहायचं?"
मी म्हणाले, लपवलेला चिमटा कुणाच्याच कामाचा नाही.
"ते त्यायले सांगा. माह्याशी तं तीन दिवस झाले, बोलून नाही राहिले."
हे मला लागलं. तिला दाखवलं नाही.

२४ जाने.
विनायकचा फोन. रुसवा नाही, राग नाही, सरळ कामाचं. "त्या अर्जात दांड्याची लांबी काय लिहिली व्हती? साहेबाचे फूट अन् आपले एकच ना?"
तो साहेबाचा चिमटा बनवतो आहे.

२८ जाने.
वर्कशॉपवर गेले. दोन्ही चिमटे तयार, शेजारी-शेजारी ठेवलेले. साहेबाचा दांडा लांब, वाकावं कमी लागतं. विनायकचा हलका.
"साहेबाले अक्कल व्हती," विनायक म्हणाला. हात लोखंडावरून फिरवत होता. "मंग हे आपल्याकडे कोनाले माहीत कसं नाही झालं?"
अर्ज केला, हक्क मिळाला, चौदा वर्षं संपली, कागद राहिला. वापरणाऱ्यांना कुणी वाचून दाखवला नसेल.
वकिलांना सगळं कळवलं. ते म्हणाले, जबड्यावर हक्क विसरा. तो आता सगळ्यांचा. जुना अर्ज नमूद करून फक्त हलत्या पत्र्यापुरता हक्क मागता येईल. मिळेलच असं नाही.
विनायक चिडला. "मतलब माह्या वर्णनात पयले साहेब, मंग मी?"
"हो."
"अन् ते वाक्य काढलं तं?"
"तर दुसऱ्या कुणाकडून लिहून घे."
कुंदा आतून म्हणाली, "घ्या. आता बसा दोघंही रुसून."

३० जाने.
वर्णन पूर्ण. साहेब पहिल्या परिच्छेदात. विनायकने वाचलं, सही केली नाही. म्हणाला, "पत्र्यानं काही फरक पडते का, ते आधी पाहू दे. उगाच खुरप्याले पेटंट."
रामाकोना गावात ओळखीच्या वावरात बाया पऱ्हाटी उपटायला लागल्या आहेत. आपल्या चिमट्यालाही त्याने साहेबाइतकाच लांब दांडा बसवला. उद्या दोन्ही चिमटे तिथे देणार. कोणता कोणाचा, सांगणार नाही. बाया पत्र्याचा धरतील तर सही. साहेबाचा धरतील तर सही नाही, अख्खा चिमटा सगळ्यांसाठी मोकळा, आणि जो येईल त्याला तो चिमटा करून देणार. कारखानदाराने केला तरी.
हे त्याचं त्याने ठरवलं. मी मध्ये पडले नाही.

३१ जाने.
मला चल म्हणाला. गेले नाही. माझ्या तोंडावरून बाया ओळखतील.
दिवसभर फोन नाही. वकिलांचा मात्र आला, कागद कधी पाठवता. म्हटलं, विनायकला विचारा.
पाचच्या सुमारास त्याचा छोटा हत्ती टेम्पो दारात थांबला. खिडकीतून पाहिलं. मागे ताडपत्रीत गुंडाळलेला एकच चिमटा. दुसरा बायांनी वावरातच ठेवून घेतला असणार. गुंडाळल्यावर दोन्ही सारखेच दिसतात.
विनायक उतरून नळावर हात धुतो आहे. घाईत नाही. सहीसाठी पेन मागितलेलं नाही अजून.