तळघरातली दुसरी मोटर

१७ ऑगस्ट, रविवार

पुन्हा पाणी! तळघरात घोट्याच्या वर. शिलाईच्या दोन्ही मशिनी पाण्यात उभ्या, एकीचं पायानं दाबायचं पेडल जळालं. क्लासच्या मुलींनी काल कापून ठेवलेलं कापड भिजून लगदा.

पाणी उपसायला मोटर आहे की! कोपऱ्यातल्या खड्ड्यात बसवलेली. पण ती चालते लाइटवर. चार थेंब पडले की आमच्याकडची लाइट जाते, लाइट गेली की मोटर बंद, आणि मग पाणी निवांत आत येतं. उन्हाळाभर मात्र मोटर अगदी ठणठणीत!

सासरे वरूनच ओरडले, जिन्याच्या तोंडाशी उभं राहून. "लई झालं आता! वैजनाथ, सांग तुझ्या बायकोला. पुन्हा एकदा पाणी शिरलं की मुरूम आणून तळघर बुजवून टाकायचं." अण्णा स्वतः खाली उतरत नाहीत. गुडघे! तळघर आतून कसं दिसतं हेसुद्धा ते विसरले असतील. पण बुजवायचं की नाही ते ठरवणार तेच.

आणि माझा शिवणक्लास? वरच्या सगळ्या खोल्या देवीला येणाऱ्या यात्रेकरूंना. माझ्या वाट्याला हे एक तळघर. तेही बुजवलं की मी मुलींना कुठं बसवू? ओट्यावर, कुकरशेजारी?

ह्यांना विचारलं. म्हणाले, "बघू."

१८ ऑगस्ट, सोमवार

बघू! लग्न झाल्यापासून हा माणूस नुसता बघतोय.

२३ ऑगस्ट, शनिवार

बसवेशला बोलावलं. इलेक्ट्रिशियन, ह्यांच्या ओळखीचा नाही, मी शोधलेला. म्हणाला, "ताई, लाइट गेली तर जाऊ द्या. शेजारी दुसरी मोटर टाकतो, बॅटरीवरची. पाणी चढलं की हा फुगा वर येतो, फुगा वर आला की मोटर आपोआप चालू. फक्त फुग्याला काय अडकू देऊ नका."

एवढं सोपं! आणि मी इतकी वर्षं बादल्या उपसतेय.

अण्णा वरून म्हणाले, "खड्ड्यात बॅटरी? उद्या आडात टीव्ही लावशील!" यात्रेकरूंसमोर. ते हसलेही. बॅटरी खड्ड्यात नाही, जिन्याखाली उंच फळीवर बसणार आहे, हे ऐकायला थांबतंय कोण? अंगाची नुसती आग झाली.

६ सप्टेंबर, शनिवार

बसली! बसवेशनं भिंतीला भोक पाडून पाइप गल्लीतल्या गटारीत काढला. मग मेन स्विच बंद केला आणि मी खड्ड्यात बादलीनं पाणी ओतलं. फुगा हलला. वर आला. घुर्रर्र! पाणी सरळ बाहेर! मी लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवल्या.

सगळ्यांना हाका मारल्या, या, बघा. कुणी आलं नाही. हे कुणाशी तरी फोनवर. प्रतीक्षा कॉलेजचं काहीतरी लिहीत होती — "आई, नंतर." आणि अण्णा वरून, "चालू झाली का? मग बंद कर आता. डोस्क्यात घुमतंय ते."

बसवेशनं अवजारं गोळा केली. माझ्याकडं बघितलंच नाही. त्यालाही अवघडल्यासारखं झालं असणार. मला रडू आलं, ते मी बादली विसळताना उरकून घेतलं.

१४ सप्टेंबर, रविवार

दुपारी धो धो पाऊस. लाइट गेली. मी जिन्यात बसून राहिले, कान लावून. जरा वेळानं — घुर्रर्र! पाऊस थांबेपर्यंत चालू-बंद, चालू-बंद. फरशी कोरडी. कोरडी म्हणजे चप्पल न घालता फिरले!

जेवताना वाट बघितली. कुणीतरी म्हणेल, वनमाला, आज पाणी नाही शिरलं. एक शब्द नाही. अण्णा म्हणाले, "आमटी खारट झालीया."

पुढच्या वेळी अख्खी मिठाची पुडी ओतते.

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसले. घर यात्रेकरूंनी भरलंय. पाऊस रोज, लाइट रोज जाते, माझी मोटर रोज चालते. घरातल्यांना ऐकू येत नाही. बहिरे सगळे.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

क्लासला सुट्टी, आज मशिनींना विश्रांती. पहाटेच दोन्ही मशिनी पुसल्या, कात्र्या मांडल्या, हळदीकुंकू वाहिलं, झेंडूचे हार घातले. ह्यांनी मोटरसायकल धुतली — घरातली भांडी इतक्या मन लावून कुणी घासत नाही! वर विळी, मिक्सर, पाट्याचा वरवंटासुद्धा नटला.

त्यानंतर दिवसभर यात्रेकरूंचं चहापाणी. पुन्हा खाली जायला झालंच नाही. पाय मोडलेत. झोपते.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

आजचं लिहून ठेवायलाच हवं.

रात्री पाऊस झाला, लाइट गेली ती अजून आलेली नाही. मी निर्धास्त झोपले, मोटर आहे म्हणून. सकाळी जिना उतरले आणि पाय थेट पाण्यात. पोटरीपर्यंत! मशिनींच्या पायांशी झेंडू तरंगतोय.

बॅटरीची वायर काढली आणि खड्ड्यात हात घातला. हाताला काय लागावं? हार! बोटभर जाड झेंडूचा हार, माझ्या मोटरच्या गळ्यात! दोरा फुग्याला गच्च गुंडाळलेला. फुगा वर येणार कसा? पाकळ्या खालच्या जाळीत घट्ट बसलेल्या.

तो ओला हार तसाच घेऊन वर गेले आणि ह्यांच्यापुढं आपटला. "गाडीला घालून उरला तो माझ्या मोटरला घातला होय? कधी ढुंकून बघितलं नाही आणि आज थट्टा सुचली? बुडवलंत! माझा क्लास बुडवलात!" यात्रेकरू दारात येऊन बघायला लागले. बघू देत!

हे एकदा अण्णांच्या खोलीकडं बघून म्हणाले, "असू दे आता."

असू दे! 'मी नाही घातला' असंही नाही म्हणाले. म्हणजे कबूलच.

अण्णा दिवसभर खोलीतून बाहेर आले नाहीत. कशाला येतील? जिंकले! मुरूम आणायला मोकळे. संध्याकाळी सगळ्यांनी एकमेकांना सोनं दिलं. मी ह्यांना दिलं नाही, अण्णांना दिलं नाही, कुणाच्या पाया पडले नाही. आपट्याची पानं ओट्यावर पडलीत. पडू देत.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

लाइट अजून नाहीच. सकाळी तळघरात खुडबुड ऐकू आली. धावत गेले.

अण्णा. शेवटच्या पायरीवर बसलेले, धोतर पाण्यात, मांडीवर माझी मोटर. जाळीतल्या पाकळ्या एकेक करून काढत होते. मान वर केली नाही.

"वैजनाथाला मीच गप राहा म्हणलो. हार म्या घातला हुता. समद्या यंत्रांची पूजा झाली, हे एकलंच खाली राहिलं हुतं. रोज आपल्यासाठी राबतंय ते… ऐकतोय की मी, रोज."

मी विचारलं, "मुरूम कधी येतोय?"

"कशाचा मुरूम? बसवेशाला बोलीव. आन् पुढच्या खंडेनवमीला हार कुठं अडकवायचा, तेवढं मला दाखवून ठेव."

ओट्यावरची पानं आणायला वर पळाले. त्या गुडघ्यांनी हा माणूस दोनदा खाली उतरला होता.